स्नॅपशॉट वापस आणला की मशीन बूट होत नाही: ग्रब, कर्नल आणि बीटीआरएफएस

अपडेटनंतर काहीतरी बिघडलं, म्हणून स्नॅपशॉटवर, म्हणजे आधी जपून ठेवलेल्या प्रणालीच्या प्रतीवर, मागे गेलो, रीस्टार्ट केलं, आणि आता काळ्या पडद्याच्या पुढे काहीच येत नाही. दारव्हा, दिग्रस, आर्णी या पट्ट्यातल्या अभ्यासिका, शाळांच्या लॅब आणि ऑनलाइन फॉर्मची दुकानं यांच्या लिनक्स मशीनबद्दल ही तक्रार पुन्हा पुन्हा येते. फोनवर ती साधारण अशी असते: "भाऊ, मागचं सगळं वापस आणलं, तरी सुरू नाई होऊन राह्यलं." सगळं वापस आलेलं नसतं, गोम तिथेच आहे.

बीटीआरएफएस या फाइलसिस्टिमचा (डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीचा) स्नॅपशॉट एका सबव्हॉल्यूमचा, म्हणजे तिच्या आतल्या एका वेगळ्या कप्प्याचा असतो. बहुतेक ठिकाणी मुख्य प्रणाली @ नावाच्या सबव्हॉल्यूममध्ये आणि लोकांच्या फाइली @होममध्ये असतात. मागे जातं ते फक्त @. पण मशीन सुरू व्हायला लागणाऱ्या वस्तू चार ठिकाणी विखुरलेल्या असतात. बूटची, म्हणजे मशीन सुरू होण्याची, नोंद मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये (बोर्डावरच्या मूळ प्रोग्राममध्ये) असते. ग्रबचा, म्हणजे मेनू दाखवून कर्नल सुरू करणाऱ्या बूटलोडरचा, पहिला तुकडा ईएसपी या फॅट३२ पार्टिशनवर असतो, जुन्या बायोसवाल्या मशीनवर डिस्कच्या सुरुवातीच्या रिकाम्या जागेत. कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, /बूटमध्ये असतो, आणि ते /बूट कुठे आहे हे प्रत्येक डिस्ट्रोवर (लिनक्सच्या वाणावर) वेगळं. कर्नलचे मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरसारखे जोडतुकडे, मात्र नेहमी @ च्या आतच, /यूएसआर/लिब/मॉड्यूल्समध्ये. तुम्ही मागच्या सोमवारचा @ आणता तेव्हा बाकीच्या वस्तू आजच्याच राहतात. सातबारा एका गटाचा आणि नकाशा दुसऱ्या गटाचा घेऊन मोजणीला उभं राहण्यासारखं ते आहे.

म्हणून दुरुस्तीला हात घालण्याआधी मशीन कुठपर्यंत येऊन थांबलं ते पाहा. समोरच्याला मोबाइलने पडद्याचा फोटो काढायला सांगा. "एरर येऊन राह्यला" एवढ्यावर काही ठरवता येत नाही. ग्रबचा मेनूसुद्धा न येता "ग्रब रेस्क्यू" दिसत असेल तर बिघाड पहिल्या तुकड्यात किंवा त्याला दिलेल्या पत्त्यात आहे. मेनू येऊन, कर्नल धावून, मग "इमर्जन्सी मोड" आला तर नव्वद टक्के वेळा कर्नल आणि मॉड्यूल यांची जोडी तुटलेली असते. लॉगिनचा पडदा येतो पण पासवर्ड टाकल्यावर पुन्हा तिथेच आणून सोडतो, तर तुम्ही फक्त वाचता येणाऱ्या स्नॅपशॉटमध्ये बसला आहात. आणि "स्पार्स फाइल नॉट अलाउड" असा संदेश दाखवून मशीन थोड्या वेळाने पुढे जात असेल, तर घाबरण्यासारखं काही नाही.

कर्नल नवा, मॉड्यूल जुने

सगळ्यात जास्त सापडणारी आणि सगळ्यात जास्त फसवणारी स्थिती हीच. फसवणारी यासाठी, की मशीन बरंच पुढपर्यंत येतं. कर्नलसोबत इनिटरामएफएस नावाची छोटी फाइल लोड होते. तिच्या पोटात स्वतःचे मॉड्यूल असतात, त्यात बीटीआरएफएसचंही असतं. त्यामुळे मुख्य डिस्क नीट माउंट होते, म्हणजे जोडली जाते. खरी अडचण त्यानंतर येते. नवा कर्नल आपल्या आवृत्तीच्या नावाचं फोल्डर @ मध्ये शोधतो, आणि ते तिथे नसतं, कारण @ आठवड्यापूर्वीचा आहे. मग फॅटचं मॉड्यूल मिळत नाही, म्हणून ईएसपी माउंट होत नाही. पडद्यावर "अननोन फाइलसिस्टिम टाइप व्हीफॅट" येतं आणि सिस्टिमडी, म्हणजे सगळ्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम, इमर्जन्सी मोडमध्ये नेऊन बसवतो. वायफाय नाही, आवाज नाही, पेनड्राइव्ह ओळखत नाही.

हा संदेश पाहून पुष्कळ जण ईएसपी खराब झालं समजून त्यालाच फॉरमॅट मारतात. तसं करू नका. आधी "युनेम -आर" चालवा, मग /यूएसआर/लिब/मॉड्यूल्समधल्या फोल्डरांची नावं पाहा. युनेमने सांगितलेली आवृत्ती तिथे नसेल तर निदान झालं, ईएसपी धडधाकट आहे.

काही डिस्ट्रोंत रूटचा पासवर्डच ठेवलेला नसतो. तिथे इमर्जन्सी मोडही आत घेत नाही, "रूट अकाउंट इज लॉक्ड" म्हणतो. तेव्हा लाइव्ह पेनड्राइव्हला (ज्यावरून लिनक्स थेट चालतं) पर्याय नाही.

सुटका कशी करायची ते जुना कर्नल शिल्लक आहे का यावर ठरतं. डेबियन, उबंटू, फेडोरा यांच्यावर कर्नलच्या फाइलच्या नावात आवृत्ती असते आणि आधीचे एक-दोन कर्नल राखलेले असतात. फेडोराने २०२० च्या ३३व्या आवृत्तीपासून डेस्कटॉपवर बीटीआरएफएस दिलं, पण /बूट वेगळ्या एक्स्ट४ पार्टिशनवर ठेवलं. म्हणजे तिथे स्नॅपशॉट कर्नलला शिवतच नाही, तरी जुना कर्नल मेनूत असतो. ग्रबच्या मेनूतून तो निवडा, बहुतेक वेळा काम होतं. आर्चच्या घराण्यात मात्र कर्नलच्या फाइलचं नाव कायम तेच राहतं आणि नवी फाइल जुनीवर बसते. तिथे /बूट म्हणूनच ईएसपी लावलेलं असेल तर मागे जायला काही उरत नाही. सिस्टिमडी-बूट वापरणाऱ्यांना हे हमखास भोवतं, कारण तो बूटलोडर फर्मवेअरला वाचता येईल तेच वाचतो, म्हणजे व्यवहारात फॅट. कर्नल ईएसपीवर ठेवावाच लागतो, आणि फॅटचा स्नॅपशॉट होत नाही.

अडकलेल्या मशीनवरूनच योग्य कर्नल डाउनलोड करू म्हणाल तर नेटवर्क कार्डाचं मॉड्यूलही नाही, आणि मोबाइलच्या यूएसबी टेदरिंगला लागणारंही नाही. लाइव्ह पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करा, तिथे टेदरिंग चालतं. मग मुख्य पार्टिशन माउंट करताना "सबव्हॉल बरोबर @" हा पर्याय द्यायला विसरू नका. तो न दिल्यास आत फक्त @ आणि @होम ही फोल्डरं दिसतात आणि क्रूट करताना (डिस्कवरच्या प्रणालीत शिरताना) बॅश सापडत नाही म्हणून आज्ञा नाकारली जाते. इथे लोक "सगळा डेटा उडाला" म्हणून फोन करतात. डेटा एक पायरी खाली असतो. @ नीट माउंट केल्यावर ईएसपी तिच्या जागी लावा, डेव्ह, प्रॉक, सिस हे बांधून घ्या, क्रूट करा, कर्नलचं पॅकेज पुन्हा बसवा, इनिटरामएफएस नव्याने बनवा, ग्रबचा मेनू नव्याने लिहा.

याहून सोपा मार्ग कधीकधी समोरच असतो: मागे जाणंच रद्द करणं. टाइमशिफ्ट हा स्नॅपशॉट घेणारा प्रोग्राम रोलबॅक करताना (मागे जाताना) सध्याचा @ टाकून देत नाही, त्यालाही स्नॅपशॉट म्हणून ठेवतो. लाइव्हवरून डिस्कची सगळ्यात वरची पातळी माउंट करा, आताच्या @ चं नाव बदलून बाजूला ठेवा आणि आधीचा @ त्याच्या जागी आणा. सबव्हॉल्यूमचं नाव साध्या "एमव्ही"ने बदलतं. मूळ बिघाड प्रिंटरच्या ड्रायव्हरसारखा किरकोळ असेल, तर स्नॅपशॉटपेक्षा तो बिघाडच बरा होता असं मला पुष्कळदा वाटतं.

एक आडवळणाचा सापळा सांगून ठेवतो. कोणीतरी व्हिडिओ पाहून पूर्ण /व्हार वेगळ्या सबव्हॉल्यूमवर ठेवलेलं असतं, "लॉग मागे जाऊ नयेत" म्हणून. पण डेबियन-उबंटूची पॅकेजांची नोंदवही /व्हार/लिब/डीपीकेजीमध्ये आहे. मग @ मागे जातो आणि नोंदवही आजचीच राहते. अ‍ॅप्टला, म्हणजे पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रामला, विचारलं तर तो म्हणतो नवा कर्नल बसलेलाच आहे, डिस्कवर त्याचा पत्ता नाही. ओपनसुसेने आणि नंतर फेडोराने आरपीएमची (त्यांच्या पॅकेजांची) नोंद /यूएसआर/लिब/सिसइमेजखाली हलवली ती याचसाठी. वेगळं करायचं असेल तर /व्हार/लॉग आणि /व्हार/कॅश करा. अभ्यासिकेच्या पुस्तक-देवघेवीचा डेटाबेस मात्र नक्की वेगळा काढा, नाहीतर रोलबॅकसोबत आठवडाभराच्या नोंदी जातात आणि तुमच्याशी पोरं नाही, ग्रंथपाल भांडतो.

ग्रबला दिलेला पत्ता

आता तो प्रकार, जो एकदा दुरुस्त केला तरी महिन्याभराने परत येतो.

ग्रब-इन्स्टॉल चालवता तेव्हा ग्रबच्या पहिल्या तुकड्यात एक पत्ता लिहिला जातो: मेनू आणि मॉड्यूल कुठे शोधायचे. /बूट @ च्या आत असेल तर तो पत्ता /@/बूट/ग्रब असा सबव्हॉल्यूमच्या नावासकट असतो. उबंटूच्या सही केलेल्या ग्रबमध्ये हाच पत्ता ईएसपीवरच्या छोट्या ग्रब.सीएफजीत असतो. रोलबॅकनंतर तुमची प्रणाली वेगळ्याच नावाच्या सबव्हॉल्यूमवरून चालू लागली, तरी ग्रब जुन्या पत्त्यावरच जात राहतो. सुरुवातीला काहीच जाणवत नाही. पुढच्या अपडेटला नवा मेनू नव्या जागी लिहिला जातो, पडद्यावर मात्र जुनाच दिसतो. मग एखादा दिवशी जागा मोकळी करायला कोणी जुना सबव्हॉल्यूम डिलीट करतो आणि दुसऱ्या सकाळी ग्रब रेस्क्यू.

तिथे "सेट" टाइप केलं की सध्याचा पत्ता दिसतो. "एलएस"ने पार्टिशन पाहा, बरोबर असलेल्या पार्टिशनखाली @ दिसतो का बघा. मग प्रिफिक्सला योग्य पत्ता द्या, "इन्समॉड नॉर्मल" आणि नंतर "नॉर्मल" द्या. मेनू यायला हवा. आत गेल्यावर ग्रब-इन्स्टॉल आणि अपडेट-ग्रब दोन्ही चालवा. फक्त दुसरं चालवून थांबणारे पुढच्या महिन्यात परत फोन करतात.

"सिंबॉल नॉट फाउंड" आला तर ही युक्ती चालत नाही. पहिला तुकडा एका आवृत्तीचा आणि मॉड्यूल दुसऱ्या आवृत्तीचे, असं झालेलं असतं. २०२० मध्ये बूटहोल नावाची सुरक्षेतली फट बुजवताना ग्रबचे अपडेट आले, तेव्हा "ग्रब_कॅलॉक" या सिंबॉलच्या नावाने असंख्य मशीन अशा अडकल्या होत्या, आणि त्यांच्यात स्नॅपशॉटचा संबंधही नव्हता. रोलबॅक हीच विसंगती हाताने तयार करतो: मॉड्यूल @ सोबत मागे गेले, तुकडा ईएसपीवर किंवा डिस्कच्या तोंडाशी तसाच. आपल्याकडच्या जुन्या बायोसवाल्या डेस्कटॉपवर हे जास्त दिसतं. सिक्युअर बूटच्या सही केलेल्या ग्रबमध्ये लागणारे मॉड्यूल आतच भरलेले असतात, त्यामुळे तिथे सहसा नाही. इलाज लाइव्ह पेनड्राइव्ह, क्रूट आणि ग्रब-इन्स्टॉल. यूईएफआय (नव्या पद्धतीच्या फर्मवेअरचं) मशीन असेल तर पेनड्राइव्हही यूईएफआय पद्धतीनेच सुरू करा. लेगसीमध्ये सुरू केला तर ईएफआय व्हेरिएबल दिसत नाहीत आणि बूटची नोंद होत नाही.

या पत्त्याचं भावंड एफएसटॅबमध्येही, म्हणजे काय कुठे माउंट करायचं त्या यादीतही, बसलेलं असतं. तिथल्या ओळीत "सबव्हॉलआयडी" आणि त्यापुढे आकडा असेल तर तो काढून टाका, "सबव्हॉल बरोबर @" एवढंच ठेवा. स्नॅपशॉटमधून बनलेल्या @ चा आकडा नवा असतो, आकड्यावर विसंबलेली ओळ त्याला नाकारते.

ओपनसुसेवाल्यांची कृती इतरत्र वापरण्याबद्दल. त्यांनी २०१४ च्या १३.२ पासून बीटीआरएफएस मुख्य धरलं आणि ग्रबमध्ये स्वतःचे बदल करून डिफॉल्ट सबव्हॉल्यूमवरून बूट होण्याची सोय केली. मूळ ग्रब डिफॉल्ट सबव्हॉल्यूम पाहत नाही, पत्ता नेहमी सगळ्यात वरच्या पातळीपासून मोजतो. त्यामुळे उबंटूवर ओपनसुसेच्या स्नॅपर या स्नॅपशॉट-साधनाने "स्नॅपर रोलबॅक" दिलं तर संदेश यशस्वी झाल्याचा येतो आणि रीस्टार्टनंतर सगळं जसंच्या तसं. कर्नलला दिलेल्या ओळीत @ पक्कं लिहिलेलं आहे, डिफॉल्ट बदलून त्याला फरक पडत नाही.

लाइन जाते तेव्हा

मृगाच्या पहिल्या वादळात फिडर ट्रिप होतो, डीपी जळाली तर दोन-दोन दिवस लाइट नाही, आणि दुकानातल्या यूपीएसची बॅटरी नावापुरती. पीक विम्याच्या शेवटच्या तारखेच्या गर्दीत कोणी अपडेट करत नाही, पण मशीन स्वतःहून करत असतं. बीटीआरएफएस अशा धक्क्यातून बहुतेक नीट उठतं, कारण जुन्या ब्लॉकवर ते लिहीतच नाही. पण फॅट३२ला जर्नल, म्हणजे अर्धवट लिखाण सावरणारी नोंद, नाही. कर्नल किंवा इनिटरामएफएस ईएसपीवर लिहिलं जात असताना लाइन गेली की फाइल अर्धी राहते. ईएसपीवरच्या फाइलींचा आकार पाहा. शून्य बाइट किंवा शेजारच्या फाइलीहून फारच लहान असेल तर तीच. ईएसपी अनमाउंट करून "एफएससीके.व्हीफॅट" फिरवा आणि ती फाइल पुन्हा बनवा.

ईएसपी दिवसभर माउंट ठेवायची गरज नाही. एफएसटॅबमध्ये सिस्टिमडीचा ऑटोमाउंट पर्याय लावला की ती लागेल तेव्हाच उघडते आणि थोड्या वेळाने बंद होते. सोबत "नोफेल" टाका, म्हणजे ती माउंट झाली नाही तरी मशीन इमर्जन्सी मोडमध्ये जाणार नाही आणि फॉर्म भरणं चालू राहील.

सीताबर्डीहून आणलेल्या स्वस्त एसएसडींबद्दल एक इशारा. काही एसएसडी डेटा अजून पक्का लिहिला नसतानाच "लिहिला" म्हणून कळवतात. लाइन गेल्यावर मग "पेरेंट ट्रान्सआयडी व्हेरिफाय फेल्ड" येतं. इथे बूटलोडरचा दोष नाही आणि स्नॅपशॉटचाही उपयोग नाही, तो त्याच डिस्कवर आहे. आधी फक्त-वाचन पद्धतीने, जुन्या रूटच्या प्रतीवरून माउंट होतं का बघा, डेटा काढून घ्या. "बीटीआरएफएस चेक"ला दुरुस्तीचा पर्याय देऊन सुरुवात करू नका, तो शेवटचा उपाय आहे आणि कधीकधी उरलंसुरलंही नेतो.

डिस्क भरूनही अर्धवट इनिटरामएफएस तयार होतं. जुने कर्नल काढले तरी जागा मोकळी होत नाही, कारण स्नॅपशॉटांनी ते धरून ठेवलेले असतात. "डीएफ"वर विश्वास ठेवू नका, "बीटीआरएफएस फाइलसिस्टिम युसेज" पाहा.

किरकोळ वाटणारे

स्पार्स फाइलचा संदेश येतो कारण ग्रब बीटीआरएफएस वाचतो, त्यावर लिहीत नाही. मागच्या वेळी कोणतं ऑप्शन निवडलं ते ग्रबएन्व्ह नावाच्या १०२४ बाइटच्या फाइलीत नोंदवायला तो जातो. एवढी लहान फाइल बीटीआरएफएस थेट मेटाडेटात ठेवतं, आणि वरून प्रत्येक ब्लॉकचा चेकसम (तपासणीचा आकडा). परस्पर लिहिलं तर चेकसम चुकेल, म्हणून ग्रब नकार देतो. /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रबमधली सेव्हडिफॉल्टची ओळ काढा, डिफॉल्टला शून्य द्या, अपडेट-ग्रब चालवा.

लॉगिनला गोल फिरवणाऱ्या मशीनवर स्नॅपरचा स्नॅपशॉट फक्त वाचता येतो, डेस्कटॉपला मात्र /व्हारमध्ये लिहायचं असतं. ग्रब-बीटीआरएफएस हा जोडप्रोग्राम मेनूत स्नॅपशॉट आणून देतो, पण ते पाहणीसाठी. टर्मिनलवर जा, खात्री करा आणि मग खरा रोलबॅक करा, तिथे मुक्काम ठोकू नका.

बूटची नोंदच गायब होत असेल, मशीन "नो बूटेबल डिव्हाइस" म्हणत असेल, तर आधी मदरबोर्डची सीआर२०३२ बॅटरी बदला. काही जुने बोर्ड सेल उतरला की सेटिंग मूळ अवस्थेला नेतात आणि सोबत आपली नोंदही विसरतात. ग्रब-इन्स्टॉलला "रिमूव्हेबल" पर्याय देऊन एक प्रत ईएफआय/बूट फोल्डरात बूटएक्स६४ नावाने ठेवली तर फर्मवेअर नोंद नसतानाही तिच्यापर्यंत पोचतं.

झेडएफएस ही दुसरी फाइलसिस्टिम लावणारे आपल्याकडे थोडेच. त्यांना एवढंच: बूटचा पूल (झेडएफएसचा डिस्क-साठा) वेगळा ठेवा आणि त्यावर "झेडपूल अपग्रेड" कधीही चालवू नका. ग्रबला झेडएफएसची मोजकीच वैशिष्ट्यं कळतात, नवं वैशिष्ट्य चालू झालं की पूल त्याला अनोळखी होतो, आणि ते मागे घेता येत नाही. २०२१ च्या ओपनझेडएफएस २.१ पासून पूल बनवतानाच "कंपॅटिबिलिटी बरोबर ग्रब२" देता येतं.

मी आता मशीन बसवताना अशी मांडणी करतो. ईएसपी एक जीबी, /बूट/ईएफआयवर, तिच्यात फक्त ग्रब. /बूट @ च्या आत, म्हणजे कर्नल आणि मॉड्यूल एकत्रच मागे जातात. कर्नल दोन, त्यातला एक दीर्घ मुदतीचा. @ हे नाव कधीही बदलायचं नाही. रोलबॅकनंतर पहिलं रीस्टार्ट करण्याआधी @ मध्ये क्रूट करून ग्रब-इन्स्टॉल, अपडेट-ग्रब. सिस्टिमडी-बूट दिसायला साधा आहे, पण स्नॅपशॉटसोबत चालवायचा तर प्रत्येक स्नॅपशॉटच्या कर्नलची प्रत ईएसपीवर ठेवणारी वेगळी व्यवस्था लागते, आणि पन्नास किलोमीटरवरच्या शाळेत ती सांभाळायला कोणी नसतं. कर्नलचं आपोआप अपडेट बंद ठेवा, बाकी सुरक्षेचं चालू द्या. कर्नल सुटीच्या दिवशी, यूपीएसची बॅटरी तपासून, लाइव्ह पेनड्राइव्ह खिशात ठेवून करा.